दोरीवरचे ग्लव्ज

१

योगिता पडलेली नव्हती, बसलेली होती. पाठ फ्रीजला टेकलेली आणि दोन्ही हात स्वतःच्या गळ्यावर. तिचा श्वास मला दारातूनच ऐकू आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा गळते तसा, बारीक आणि लांब.

"योगिता!"

तिने वर पाहिलं. ओठ इतके सुजले होते की तो चेहरा तिचा वाटत नव्हता. वरच्या ओठापासून गालापर्यंत लाल रेघा उठल्या होत्या, ओल्या चाबकाने मारल्यासारख्या. मी तशा रेघा आधी पाहिल्या होत्या. उभराटच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या पोटरीवर.

तो जेलीफिशचा डंख होता.

पण आमच्या प्रयोगशाळेत जिवंत जेलीफिश नव्हता. कधीच नसायचा. आम्ही मेलेल्या जेलीफिशच्या तुकड्यांतून डीएनए काढतो. ते तुकडे अल्कोहोलमध्ये किंवा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले असतात. त्यांनी कधी कुणाला काही केलं नव्हतं.

"भूपेंद्रभाई!" मी ओरडले. आमचे स्टोअरचे भूपेंद्रभाई चहाचा पेला हातात घेऊन धावत आले आणि दारातच थबकले.

"आय व! हे काय झालं?"

"अँब्युलन्स बोलवा. आधी अँब्युलन्स!"

योगिताने माझा हात पकडला. तिला काहीतरी सांगायचं होतं. तिने मान हलवली, माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि तिचे डोळे मागे फिरले.

२

सुरतच्या मजुरा गेटजवळच्या हॉस्पिटलात तिच्या घशात नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. आयसीयूबाहेरच्या बाकावर हर्षल दोन्ही हातांत डोकं धरून रडत होता. हर्षल आमचा सीनियर, पीएचडी जवळजवळ संपलेली. दिवाळीनंतर त्याचा आणि योगिताचा साखरपुडा झाला होता. तिची आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. खरं तर त्याने तिला धीर द्यायचा, पण उलटंच चाललं होतं.

डॉक्टर बाहेर आले. आमच्या प्रमुख शकुंतला मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"ओठ, जीभ, घसा," डॉक्टर म्हणाले. "श्वासनलिकेपर्यंत सूज आहे. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. तुमच्याकडे विषारी काय काय असतं?"

"क्लोरोफॉर्म आहे. पण हे त्याचं नाही," मॅडम म्हणाल्या. "डंख दिसतोय. पण आमच्याकडचे प्राणी मेलेले आहेत, डॉक्टर."

"हातांना काही लागलंय का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "नाही. हात अगदी स्वच्छ आहेत. का?"

आम्ही दिवसभर जेलीफिशला हात लावतो. अपघात झाला तर हातांना व्हायला हवा. जेलीफिशला कुणी तोंड लावत नाही. हात कोरे आणि तोंड भाजलेलं, म्हणजे ते तिच्या तोंडापर्यंत कुणीतरी पोचवलं होतं.

"तिने सकाळी काय खाल्लं, प्यायलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना भूपेंद्रभाईंकडे वळल्या. त्यांच्या हातात अजून तो पेला होता. सकाळपासून खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मी तिला चहा दिला," ते म्हणाले. "रोज देतो. तुम्हालाबी देतो."

३

भूपेंद्रभाई बमरोलीचे, मूळ आमच्याच धुळ्याकडचे. मंगळवारी सकाळी मी स्टोअरमध्ये गेले तेव्हा ते रिकाम्या खोक्यांमध्ये बसले होते.

"बेन, तूबी हेच विचारणार का? काल पोलिसांनी विचारलं, मॅडमनी विचारलं. केटलीबी घेऊन गेले."

"चहा गरम होता?"

"मंग काय थंड देऊ? उकळता."

"तिने प्यायला?"

"अर्धा. माझ्यासमोर, फुंकून फुंकून. मंग आत गेली."

मला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. जेलीफिशचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणूनच डंखावर गरम पाण्याने शेकतात. उकळत्या चहातून तिला काही होणं शक्य नव्हतं. तिची पाण्याची बाटलीही मी मनातल्या मनात बाद केली. जेलीफिशच्या डंखपेशी म्हणजे दाबून गुंडाळलेल्या स्प्रिंगा. वाळलेल्या असल्या तरी समुद्राच्या खाऱ्या पाण्याखेरीज दुसरी कुठलीही ओल लागली की सुटतात. गोड्या पाण्यात टाकल्या असत्या तर बाटलीतच सुटून गेल्या असत्या, ओठांवर नाही.

म्हणजे जे काही होतं ते कोरडं होतं आणि त्याला पहिला ओलावा मिळाला तो योगिताच्या ओठांचा.

"भाई, रविवारी प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"माझ्याकडे, मॅडमकडे, हर्षलकडे. तुमच्या दोघींकडे कुठे असतात?"

"शनिवारी ग्लव्ज तुम्ही धुतले होते?"

"माझ्याशिवाय कोण धुणार? तू तर प्रिन्सिपलकडे माझी तक्रार केलीस, की भाई वापरलेले ग्लव्ज पुन्हा वापरायला लावतात." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी ग्लव्ज वाचवणारा माणूस आहे, बेन. माणूस मारणारा नाय. आणि तुम्हीच फाडता ते, फुंकून फुंकून. किती वेळा बोललो, फुंकू नका."

मी तिथेच थांबले. त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, ते माझ्या कानांपर्यंत आलं नाही.

वापरलेला ग्लव्ह हातातून काढला की तो उलटा होतो. धुऊन पुन्हा सुलटा केला तरी बोटं आतच अडकून राहतात. ती बाहेर काढायची एकच युक्ती आमच्याकडे सगळ्या करतात. मनगटाची कड तोंडाला लावायची, जोरात फुंकायचं, आणि पाच बोटं फटकन बाहेर येतात.

कोरडी वस्तू आणि ओले ओठ. मी पळतच प्रयोगशाळेत गेले.

४

खिडकीजवळच्या नायलॉनच्या दोरीवर ग्लव्ज वाळत घातलेले असतात. प्रत्येकीचा लाकडी चिमटा वेगळा, त्यावर मार्करने नावाचं पहिलं अक्षर. सोमवारी धावपळीत योगिताच्या पायाजवळ मी एक ग्लव्ह पाहिला होता. पण झाडूवाल्या मावशींनी दुपारी खोली झाडून कचरा जाळून टाकला होता. त्याची जोडी मात्र अजून दोरीवर लटकत होती.

चिमट्यावर 'यो' नव्हतं, 'गा' होतं. गायत्री, म्हणजे मी.

योगिताचे ग्लव्ज दोरीवरच होते, दोन बोटांना भोकं पडलेले. तिने माझे घेतले होते. आमचं माप एकच. आता मला कळलं की तिने माझ्या छातीवर बोट का टेकवलं. ती मदत मागत नव्हती, मला सावध करत होती.

दुकानातून नवे ग्लव्ज विकत आणले, ते घातले आणि चिमट्याने माझा तो ग्लव्ह काढला. खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो आतून पुसला. मनगटाकडचा भाग कोरा होता, फक्त पावडर. पण बोटांच्या टोकांत तपकिरी चुरा होता, तंबाखूसारखा.

काचपट्टीवर एक थेंब खारं पाणी टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

गोल कुप्या दिसल्या, शेकड्यांनी. प्रत्येकीच्या आत एक बारीक दोरा, नीट गुंडाळून ठेवलेला, अजून न सुटलेला. मी एक थेंब गोडं पाणी बाजूने सोडलं. एक कुपी थरारली आणि दोरा बाहेर उडाला. मग दुसरा. मग सगळे.

अल्कोहोलमधल्या तुकड्यांत या कुप्या आधीच सुटून रिकाम्या झालेल्या असतात. फॉर्मॅलिनमध्ये त्या लाकडासारख्या कडक होतात. हा चुरा दोन्हींत कधीच बुडाला नव्हता. कुणीतरी ताज्या जेलीफिशचे लोंबते दोरे वाळवले होते, चुरले होते आणि माझ्या ग्लव्जमध्ये भरले होते.

योगिताशी कुणाचं वैर नाही, हे आम्ही सगळे कालपासून एकमेकांना सांगत होतो. ते खरंच होतं. कारण नेम योगितावर नव्हताच.

आणि ज्याने हे केलं त्याला माहीत होतं, की मी अजून ठणठणीत आहे.

५

घरी गोडादऱ्याला आईने माझं तोंड पाहिलं आणि हातातली भाकरी तव्यावरच ठेवली.

"काय जायं पोरी? तोंड काबर उतरेल शे?"

"काही नाही गं. योगिताची काळजी वाटते."

"दोन घास खाई ले." ताट तिने स्वतः वाढलं होतं, तरी मी वरणाचा वास घेतला. आपल्या आईच्या हातच्या वरणाचा वास घेतला, या गोष्टीची मला नंतर खूप लाज वाटली.

बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट चालू होता. मी अंथरुणावर पडून विचार करत होते. किल्ल्या तिघांकडे. भूपेंद्रभाई माझ्यावर चिडलेले. मॅडम? हर्षलचा नवा जेलीफिश म्हणजे आमच्या विभागाचं पहिलं मोठं नाव. उभराटला सापडलेली, कुणी न नोंदवलेली जात. त्या शोधनिबंधाची घाई मॅडमनाही होती. आणि शुक्रवारी चहाच्या वेळी मीच जाहीर केलं होतं, "सोमवारपासून मी सहाही बरण्यांतून डीएनए परत काढणार."

निबंधात सहा प्राणी होते. सहा बरण्या, सगळ्या फॉर्मॅलिनमध्ये, मेणाने बंद केलेल्या. हर्षल म्हणायचा, ताजे असतानाच त्याने डीएनए काढून घेतला आणि मग एकूण एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला. ताजं काहीच उरलं नाही. फॉर्मॅलिनमधून डीएनए काढणं कठीण असतं, अनेक दिवस धुवावं लागतं. पण दुसऱ्या कुणीतरी तपासावं, हा मॅडमचाच आग्रह होता.

बुधवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि दार उघडंच ठेवलं.

"मॅडम, तुम्ही ग्लव्ज फुंकता?"

"काय?" त्या म्हणाल्या. "घाणेरडी सवय आहे, मला माहितेय. तुम्हा पोरींना रागावते आणि स्वतः तेच करते. का गं?"

"भूपेंद्रभाईंनाही माहीत आहे आम्ही फुंकतो ते."

"अख्ख्या विभागाला माहीत आहे. आवाज येतो की."

"अख्ख्या नाही," मी म्हटलं. त्या वेळी मला नुसती शंका होती.

ग्लव्ज फुंकले जातात हे ज्याला माहीत आहे आणि ज्याला माझा जीवच घ्यायचा आहे, तो चुरा मनगटाच्या कडेला लावेल, जिथे ओठ टेकतात. हा चुरा बोटांच्या टोकांत होता. ठेवणाऱ्याच्या मनात माझे हात होते. फुंकल्यावर तो उलटून तोंडावर येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे तो दोरीवरचे ग्लव्ज कधी वापरत नसणार.

आमच्याकडे असा एकच माणूस होता. धुतलेले ग्लव्ज त्याला चालायचे नाहीत. तो स्वतःचा जांभळा खोका आणायचा, बसायचा पलीकडच्या खोलीत, आणि योगिता त्याला 'हिरेवाले शेठ' म्हणून चिडवायची.

पण तो तीन दिवस आयसीयूबाहेर रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

६

शंका मला पुरणार नव्हती. मला डीएनए हवा होता.

कापसाची ती काडी मी छोट्या नळीत टाकली, वर पेशी फोडणारं द्रावण आणि प्रथिनं खाणारं एन्झाइम. नळी गरम ठोकळ्यात ठेवली. जेलीफिश म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि उरतो तो चिकट शेंबडासारखा पदार्थ. तो डीएनएला सोडत नाही. क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, गरागरा फिरवायचं, वरचा स्वच्छ थर अलगद उचलायचा, गार अल्कोहोलमध्ये सोडायचा. जास्त ऊतक असलं तर पांढरा धागा दिसतो. इतक्याशा चुऱ्यातून डोळ्यांना काहीच दिसत नाही. नळीच्या तळाशी काही आहे असं समजून पुढे जायचं.

मग फ्रीजमधून हर्षलचा प्रायमर काढला. प्रायमर म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा, एखाद्या जातीच्या डीएनएलाच चिकटेल असा बनवलेला. चिकटला तर यंत्र त्याच्या लाखो प्रती काढतं आणि जेलवर एक पट्टा उजळतो. हर्षलने हा प्रायमर त्याच्या नव्या जातीसाठीच बनवला होता. दुसऱ्या कुठल्याही जेलीफिशला तो चिकटत नाही, असं त्याच्या निबंधातच होतं.

मी तीन नळ्या लावल्या. एकीत ग्लव्जमधला डीएनए, दुसरीत आमच्या साध्या जेलीफिशचा, तिसरीत नुसतं पाणी. मॅडमना फोन केला. त्या हॉस्पिटलात होत्या.

"लवकर या, मॅडम. आणि हर्षलला सांगू नका मी कुठे आहे."

त्या म्हणाल्या, "तो आत्ताच निघाला इथून. अंघोळ करून येतो म्हणाला. मी डॉक्टरांना भेटून निघते."

त्याचं घर अडाजणला, इथून दहा मिनिटांवर. यंत्राला दोन तास लागणार होते. हातांना काम दिलं नसतं तर मी पळून गेले असते. म्हणून मी बरण्या उघडल्या. सुरीने मेण खरवडलं. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. प्रत्येक बरणीत जेलीफिशच्या छत्रीचा एक तिकोनी तुकडा होता. ते मी पांढऱ्या ट्रेमध्ये मांडले, मोजमाप घ्यायला.

दुसऱ्या तुकड्याची कापलेली बाजू पहिल्याशेजारी आली आणि मी थांबले. दोन्हींच्या मध्ये एक वाकडी नस होती. ती एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ गेली, पुलावरून रस्ता जावा तशी. तिसरा तुकडा त्याला लागला, मग चौथा. सहावा ठेवला तेव्हा कलिंगडाच्या फोडी परत जुळवाव्यात तशी एक अख्खी गोल छत्री माझ्यासमोर तयार झाली. या जातीच्या छत्रीच्या कडेला आठ गाठी असतात, उजेड आणि तोल कळण्यासाठी. सहा बरण्यांत मिळून आठच होत्या, समान अंतरावर.

निबंधात सहा प्राणी होते. समुद्रातून आला होता एकच.

मी त्यांचा डीएनए काढला असता तर सहाही नमुने एकाच देहाचे निघाले असते. मला ते बरण्या उघडल्या उघडल्याच दिसलं असतं.

यंत्राने बीप केलं. मी जेलवर नमुने सोडले, वीज सुरू केली आणि काही वेळाने निळ्या प्रकाशात जेल ठेवला. दोन रांगा काळ्या. पहिल्या रांगेत एक पट्टा, ठळक आणि स्वच्छ.

माझ्या मागे दार बंद झालं. कडीचा आवाज आला.

७

"कुणाचा जेल आहे?" हर्षलने विचारलं.

त्याचे केस ओले होते. अंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट. मी वळले नाही. स्क्रीनच्या काचेत तो मला दिसत होता.

"योगिताचा. राहिलेला."

"पट्टा तीनशे वीस लांबीच्या जागी आहे." तो जवळ आला. "तो माझा पट्टा आहे, गायत्री."

मग त्याने ट्रे पाहिला. माझ्या आणि दाराच्या मध्ये तो होता. टेबलावर सुरी होती, माझ्यापेक्षा त्याला जवळ. त्याने सुरीकडे पाहिलंच नाही. तो ट्रेमधल्या त्या गोल छत्रीकडे बघत राहिला, जणू पहिल्यांदाच बघत होता.

"कशातून काढलास डीएनए?"

"माझ्या ग्लव्जमधून." "तू म्हणालास ताजं काही उरलं नाही. फॉर्मॅलिनमधला तुकडा डंख मारत नाही आणि असा पट्टाही देत नाही. ताजे दोरे कुणाकडे तरी होते, हर्षल. तो प्राणी किनाऱ्यावरून बर्फात घालून तू एकट्याने आणलास."

त्याने ट्रेची कड बोटाने सरळ केली.

"मॅडम येतायत," मी म्हटलं. "त्यांना माहीत आहे मी इथे आहे."

"घाबरू नकोस."

"तू कडी लावलीस!"

त्याने दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि जाऊन कडी काढली. परत येऊन तो स्टुलावर बसला. मी भिंतीला चिकटून उभी होते.

"तुझे हात फक्त," तो म्हणाला. "आठवडाभर फोड आले असते. तेवढ्यात मी मॅडमकडून निबंध पाठवून घेतला असता. मी स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं होतं." त्याने बाही वर केली. आत एक लाल रेघ होती, खपली धरलेली. "काही होत नाही. आग होते. बस."

"आम्ही ग्लव्ज फुंकतो, हर्षल."

"मला नव्हतं माहीत!" तो ओरडला. "कोण फुंकतं ग्लव्ज? कोण?"

"योगिता फुंकते. तुला तिच्याशी लग्न करायचंय आणि तुला माहीत नाही."

तो रडला नाही. आयसीयूबाहेर रडला होता तसं काहीच झालं नाही. तो हळू आवाजात बोलू लागला. "दोन वर्षं फेऱ्या मारल्या उभराटला. एकच मिळाला. एकावर कोण विश्वास ठेवतं? मॅडम म्हणाल्या, किमान सहा आण. मी आणले सहा."

त्याने स्वतःच्या मनगटाची चाचणी घेतली होती. मात्रा ठरवली होती. माझ्या हातांना किती दिवस लागतील याचा हिशेब केला होता. खून करणाऱ्याची मला तीन दिवस भीती वाटत होती. समोर बसलेला हा माणूस खून करणारा नव्हता आणि मला त्याची जास्त भीती वाटली. त्याने मला एका प्रयोगात बसवलं होतं, इतकंच.

त्याचा फोन वाजला. त्याच्याने उचलवेना. मीच स्पीकर लावला. योगिताची आई होती.

"हर्षल, अरे कुठे आहेस तू? नळी काढली तिची! श्वास घेतेय आपला आपण. लवकर ये बाबा, तुलाच शोधतेय."

८

प्रयोगशाळेकडे यायला निघालेल्या मॅडम आम्हाला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच भेटल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी त्या हर्षलला म्हणाल्या, "मी पोलिसांना फोन करतेय. तोवर जे करायचं ते कर."

"मी सांगतो तिला," तो म्हणाला. "मीच सांगायला हवं."

तो आयसीयूत गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. योगिताने हात उचलला, त्याने तो धरला. तिचे ओठ अजून सुजलेले होते. ती काहीतरी बोलली, तो खाली वाकला. मग तो ताठ झाला, हात सोडवून घेतला आणि बाहेर आला. त्याला आत जाऊन मिनिटही झालं नव्हतं.

"सांगितलंस?"

त्याने मान हलवली. नाही. "तिने विचारलं, गायत्रीला काही झालं नाही ना? मी म्हटलं, नाही. पुढचं मला नाही जमत. तू सांग."

"मी?"

"प्लीज."

तो बाकावर बसला, त्याच जागी. योगिताची आई धावत त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "झालं रे, वाचली ती. आता कशाला?" त्याने बाटली घेतली, पण उघडली नाही. जिन्याजवळ मॅडम फोनवर बोलत होत्या, तोंडावर हात धरून.

मी आत गेले. योगिता उशीला टेकून बसली होती. मला पाहून ती हसायला गेली आणि ओठ दुखला म्हणून थांबली.

"ये," तिचा आवाज खरखरीत होता. "तुला नीट बघू दे. हर्षल असा काय गं? पळूनच गेला. खूप घाबरला होता का?"

तीन दिवस मी प्रत्येक पेल्याचा, प्रत्येक दाराचा, प्रत्येक माणसाचा वास घेत होते. आता मला कुणीच काही करणार नव्हतं, तरी सोमवारी त्या दारात वाटली होती तितकीच भीती मला वाटत होती. माझ्या पुढच्या वाक्यानंतर ती माझ्याकडे असं बघणार नव्हती. कदाचित कुणाकडेच बघणार नव्हती.

"बोल ना," ती म्हणाली.

मी खुर्ची जवळ ओढली, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "योगिता, ते तुझ्यासाठी नव्हतं."